वाचायचे पुष्कळ, वेळ थोडा

वाचायची राहून गेलेली पुस्तके आणि अपुरा वेळ या विषयावर गेल्या अंकात आम्ही वाचकांकडून प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी काही निवडक पत्रे, आवश्यक तेथे संक्षेप करून, उत्तरांसह येथे देत आहोत. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार त्यांची नावे वगळली आहेत.

प्रश्न: मी नोकरीनिमित्त रोज डोंबिवलीहून सीएसएमटीला जाते. सकाळी गाडीत उभे राहायलाही जेमतेम जागा असते. संध्याकाळी गाडी सीएसएमटीहूनच सुटत असल्यामुळे बहुतेक वेळा बसायला मिळते आणि अर्धा तास तरी वाचन होते. वाचायच्या पुस्तकांची यादी मी मोबाइलमध्ये ठेवली आहे. तिच्यात आज 164 नावे आहेत आणि दरमहा तीन-चार नावांची भर पडते. यादी संपवण्यासाठी जलदवाचनाचा वर्ग लावावा का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर: वर्गाची फी भरण्यापूर्वी आपल्याच पत्रातील आकडे कागदावर मांडून पाहावेत, अशी आमची सूचना आहे. नेहमीच्या (डेमी) आकाराच्या मराठी पुस्तकाची 15 पाने आपण अर्ध्या तासात वाचता, असे धरू. हा अंदाज आमचा आहे. आपण घड्याळ लावून एकदा स्वतःचा वेग मोजावा. आठवड्यातील पाच दिवसांत 75 पाने होतील आणि सणवार, आजारपण व मेगाब्लॉक यांचे दोन आठवडे वजा केले तर वर्षभरात 3,750 पाने होतील. सरासरी 250 पानांचे पुस्तक धरल्यास ही 15 पुस्तके झाली. म्हणजे आजची यादी, तिच्यात एकाही नावाची भर न घालता, संपायला सुमारे 11 वर्षे लागतील. दरम्यान आपण वर्षाला किमान 36 नावे वाढवत आहात. जलदवाचनाने वेग दुप्पट झाला, असे क्षणभर मानले तरी वर्षाला 30 पुस्तके बाहेर पडतील आणि 36 आत येतील. तेव्हा अडचण वेगाची नाही, आवकेची आहे, आणि तिच्यावर कोणत्याही वर्गात इलाज शिकवला जात नाही.

जलदवाचनाविषयीही दोन शब्द लिहायला हवेत. अहवाल, परिपत्रक किंवा माहितीपर पुस्तकातील एखादे प्रकरण झरझर नजरेखालून घालता येते आणि तसे करण्यात गैर काही नाही. परंतु वेग एका मर्यादेपलीकडे वाढवला की आकलन कमी होते. ज्या पुस्तकात लेखकाने वाक्य ज्या लयीत लिहिले त्या लयीतच अर्थाचा निम्मा भाग असतो, त्या पुस्तकाच्या बाबतीत तर वाचलेले वाया गेल्यासारखेच होते. कादंबरी पटकन संपवायची असेल, तर ती वाचायचीच कशाला, हा प्रश्न स्वतःला विचारून पाहावा.

आमचा सल्ला असा आहे की एका यादीच्या दोन याद्या कराव्यात. पहिली मोठी नोंदवही. तिच्यात कोणी सांगितलेले, परीक्षणात वाचलेले, प्रदर्शनात पाहिलेले असे काहीही लिहावे आणि तिच्या लांबीची काळजी करू नये, कारण ती संपवायची नसतेच. दुसरी यादी येत्या तीन महिन्यांची असावी आणि तिच्यात चारच नावे असावीत. आपल्या गतीने तीन महिन्यांत साधारण तितकीच पुस्तके होतात. एक पुस्तक वाचून झाले किंवा सोडून दिले की मगच त्या जागी नोंदवहीतून दुसरे नाव घ्यावे. पाचवे नाव कितीही मोहात पाडणारे असले तरी त्याला जागा रिकामी होईपर्यंत थांबवावे. हा नियम पाळायला वाटतो तितका सोपा नाही, विशेषतः पुस्तकप्रदर्शनात सवलतीची पाटी दिसल्यावर.

नोंदवहीत नुसते नाव लिहू नये. 164 नावांपैकी निम्मी नावे आपण का लिहिली होती, हे आपल्याला आज सांगता येणार नाही, असा आमचा कयास आहे. नोंद अशी असावी: ‘पुस्तकाचे नाव, ऑफिसमधल्या मैत्रिणीने सांगितले, धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाविषयी, माहेरच्या गावाचा उल्लेख आहे, 180 पाने, वाचनालयात आहे.’ दोन ओळींच्या अशा नोंदीवरून सहा महिन्यांनीही निर्णय घेता येतो. ज्या नावापुढे ‘का’ या प्रश्नाचे उत्तर लिहिता येत नाही, ते नाव बिनदिक्कत खोडावे. बहुधा ते पुस्तक आपल्याला वाचायचे नसते. ते आपण वाचलेले असावे, एवढीच इच्छा असते.

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे अध्वर्यू एस. आर. रंगनाथन यांनी 1931 मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धान्त मांडले. ‘वाचकाचा वेळ वाचवा’ हा त्यांतील चौथा. त्यात वाचकाला घाईने वाचायला लावण्याचा विचार नव्हता. पुस्तक शोधण्यात, मागण्यात आणि त्याची वाट पाहण्यात जो वेळ जातो तो वाचावा, म्हणून कपाटे वाचकांसाठी खुली असावीत, पुस्तके विषयवार लावलेली असावीत, तालिका, म्हणजे ग्रंथांची सूची, नेटकी असावी आणि देवघेव झटपट व्हावी, असा त्यांचा आग्रह होता. घरच्या वाचनालाही हेच लागू करता येईल. हातातले पुस्तक संपत आले की पुढचे आणून पिशवीत ठेवावे. एक पुस्तक संपल्यावर ‘आता कोणते घ्यावे’ या विचारात जे दहा-बारा दिवस मोबाइल चाळण्यात जातात, ते वाचवले तर वर्षाकाठी आणखी दोन-तीन पुस्तके सहज होतील.

सकाळच्या गाडीत एका हाताने दांडी धरून वाचायचा हट्ट मात्र धरू नये. गाडीतल्या गटाशी गप्पा मारण्यासाठीही वेळ हवाच असतो.

प्रश्न: मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवतो. मोठ्या कादंबऱ्या हाती घेतो. शे-दीडशे पाने होतात, मग परीक्षा, पेपर तपासणे, निवडणुकीचे काम असे काहीतरी येते आणि पुस्तक बाजूला पडते. महिन्याभराने उघडले की धागा तुटलेला असतो, म्हणून पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात करतो. एका कादंबरीची सुरुवात मी तीनदा वाचली आहे, शेवट एकदाही नाही. पुस्तक अर्धवट सोडणे मला पटत नाही. (एक शिक्षक, अंबाजोगाई)

उत्तर: आपल्या पत्रात दोन वेगळे प्रश्न एकत्र आले आहेत. मोठे पुस्तक तुकड्यातुकड्यांनी कसे वाचावे हा एक, आणि पुस्तक सोडावे की नाही हा दुसरा.

पहिल्याचे उत्तर आपल्या परंपरेतच आहे. ‘दासबोधा’चे 20 दशक आणि प्रत्येक दशकात 10 समास, म्हणजे एकूण 200 समास. रोज एक समास वाचणारी माणसे साडेसहा महिन्यांत ग्रंथ पुरा करतात आणि त्यांना कधी धागा तुटल्याचे वाटत नाही, कारण कोठे थांबायचे हे ग्रंथानेच ठरवून दिलेले असते. कोणी म्हणेल की तो उपदेशपर ग्रंथ, कादंबरीचे तसे नाही. परंतु हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षांत कोण घेतो!’ ही कादंबरी 1890 नंतर त्यांच्याच ‘करमणूक’ या साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. तिच्या पहिल्या वाचकांना पुढच्या हप्त्यासाठी आठवडा-आठवडा थांबावे लागत होते आणि मराठी सामाजिक कादंबरीचा पाया त्या वाचकांसमोरच घातला गेला. आज आपण तीच कादंबरी सलग वाचायला जातो आणि वेळ मिळत नाही म्हणून वाचतच नाही.

तेव्हा मोठी कादंबरी हाती घेतल्यावर आधी तिची रचना पाहावी. ‘मृत्युंजय’सारखी कादंबरी कर्ण, कुंती, दुर्योधन अशा वेगवेगळ्या व्यक्तींच्या निवेदनांत विभागलेली आहे; तेथे एकेक निवेदन हा मुक्काम मानता येतो. जेथे असे विभाग नाहीत, तेथे प्रकरण संपल्याशिवाय पुस्तक मिटू नये, एवढे पथ्य पुरेसे आहे. पुस्तक मिटताना शेवटच्या कोऱ्या पानावर, पुस्तक वाचनालयाचे असल्यास खुणेच्या चिठ्ठीवर, पेन्सिलीने दोन-तीन ओळी लिहाव्यात: कोण कोठे आहे, काय अडले आहे, कोणते नवे पात्र आले आणि त्याचे कोणाशी काय नाते आहे. पेपर तपासण्यातून महिन्याभराने सुटका झाली की या चार-सहा चिठ्ठ्या वाचायला पाच मिनिटे लागतात आणि पहिल्या पानाकडे परतावे लागत नाही. ज्या कादंबऱ्यांत चार पिढ्या आणि सारख्या नावांचे आजोबा-नातू आहेत, तेथे पहिल्याच दिवशी वंशावळ काढून ठेवलेली बरी.

दुसऱ्या प्रश्नाबाबत आमचे मत आपल्याला कदाचित रुचणार नाही. पुस्तक सोडून देणे हा वाचकाचा अधिकार आहे आणि तो वापरला पाहिजे. मात्र कंटाळा आला म्हणून सोडणे आणि कठीण वाटले म्हणून सोडणे यांत फरक करावा. कंटाळवाणे पुस्तक 50 पानांनंतर सोडावे. त्याबद्दल कोणाला स्पष्टीकरण देण्याची गरज नाही. कठीण पुस्तक सोडताना मात्र नोंदवहीत ‘नंतर’ असा शेरा मारावा. मराठीत असे किती तरी वाचक आहेत की ज्यांना एखादी कादंबरी विशीत दुर्बोध वाटली आणि चाळिशीत तिने रात्रभर जागवले. जी कादंबरी आपण तीनदा सुरू केली, ती या दोहोंपैकी कोणत्या वर्गात बसते हे आपणच ठरवावे. पण चौथ्यांदा पहिल्या पानापासून सुरुवात करू नये.

प्रश्न: पुण्यात राहून स्पर्धा परीक्षेची तयारी करत आहे. अभ्यासिकेत रोज दहा-बारा तास जातात. अवांतर वाचन पूर्ण थांबले आहे आणि कथा-कादंबरी हातात घेतली की वेळ वाया घालवत असल्याची टोचणी लागते. काय करावे? (एक विद्यार्थी, मूळ गाव परभणी जिल्हा)

उत्तर: परीक्षेच्या आधीचे दोन-तीन महिने अवांतर वाचन खुशाल थांबवावे, पुस्तके कोठे जात नाहीत. एरवी झोपण्यापूर्वी एक कथा, तीही लहान, एवढे पुरे. ती कथा निबंधाच्या पेपरात उपयोगी पडेल, या हिशेबाने वाचू नये, नाहीतर तोही अभ्यासच होतो. वाचायच्या पुस्तकांची यादी या काळात करूच नये.

प्रश्न: आमच्याकडे दर दिवाळीला आठ-दहा दिवाळी अंक येतात. काही आम्ही घेतो, काही नातेवाईक देतात. फराळाबरोबर दोन वाचून होतात, बाकीचे टीपॉयखाली राहतात. गणपतीची साफसफाई निघते तेव्हा गेल्या वर्षीचे अंक सापडतात आणि टाकवत नाहीत. यावर्षी अंक घेऊच नयेत असे वाटू लागले आहे. (एक गृहिणी, सांगली)

उत्तर: एवढी टोकाची भूमिका घेऊ नये. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 1909 मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून ही परंपरा शतकाहून अधिक काळ टिकली आहे ती घराघरांत अंक घेतले जातात म्हणूनच. चुकते ते एवढेच की आपण अंकाला पुस्तक समजतो आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायला बसतो. दिवाळी अंक हा निवडीसाठी असतो. संपादकाने तीस जणांना लिहिते केले ते प्रत्येक वाचकाने तिसांचेही वाचावे म्हणून नव्हे.

अंक घरात आला त्याच दिवशी पेन्सिल घेऊन अनुक्रमणिकेसमोर बसावे. ज्या पाच लेखांवर किंवा कथांवर मन थांबते, त्यांच्यापुढे खूण करावी. घरातील इतरांनीही आपापल्या खुणा वेगळ्या चिन्हाने कराव्यात; यात कोणाला काय आवडते याचा उलगडा होऊन बरीच करमणूक होते. मग फक्त खुणा केलेलेच वाचावे. आठ अंकांतील 40 लेख पाडव्यापर्यंत, म्हणजे गुढीपाडव्यापर्यंत, आरामात वाचून होतात, कारण हातात पाच महिने असतात. वार्षिक राशिभविष्य मात्र पहिल्याच आठवड्यात वाचावे. अंकातला लवकर शिळा होणारा मजकूर तेवढाच.

गुढीपाडव्याला अंक घराबाहेर काढावेत. एखादा लेख फारच आवडला असेल तर त्याची पाने कापून फाइलमध्ये ठेवावीत आणि उरलेले अंक गावातील वाचनालयाला, वसतिगृहाला किंवा दवाखान्याच्या प्रतीक्षाकक्षाला द्यावेत. तेथे मार्च महिन्यातही दिवाळी अंक आनंदाने वाचले जातात. पुढच्या वर्षी अंक विकत घेण्याचे प्रमाण कमी करायचे असेल, तर अनेक सार्वजनिक वाचनालयांत ठरावीक वर्गणी भरून काही महिने दिवाळी अंक बदलून नेण्याची योजना असते, तिची चौकशी करावी. परत करण्याची तारीख असलेला अंक वाचून होतो, स्वतःचा राहून जातो, हा अनुभव बहुतेकांचा असेल.

प्रश्न: मी कॅनडात असते. नोकरी आणि दोन वर्षांचे मूल यांमधून सलग अर्धा तासही मिळत नाही. मिळतात ती दहा-दहा मिनिटे. त्यातही मराठी पुस्तके येथे मिळत नाहीत. गाडी चालवताना श्राव्य पुस्तके ऐकते, पण ते ‘वाचले’ असे म्हणावे का, याबद्दल मनात शंका आहे. (एक वाचक, टोरांटो)

उत्तर: ही शंका मराठी माणसाच्या मनात यावी याचे आम्हाला थोडे आश्चर्य वाटते. आपल्याकडे शतकानुशतके बहुसंख्य लोकांपर्यंत ग्रंथ पोहोचले ते कानांवाटे. देवळात एकजण पोथी वाचतो आणि गाव ऐकते. पारायणात, कीर्तनात हेच घडते. नवविधा भक्तीतही पहिला मान श्रवणाला आहे. ओवी अशीच ऐकत-ऐकत पाठ झालेल्या स्त्रियांना आपण निरक्षर म्हणू, पण ग्रंथाशी अपरिचित म्हणू शकणार नाही. तेव्हा ऐकलेले पुस्तक यादीतून निःशंकपणे खोडावे.

मात्र काय ऐकावे आणि काय डोळ्यांनी वाचावे, याची निवड करावी. कथा, आत्मचरित्र, प्रवासवर्णन, विनोदी लेखन, बोलीभाषेतील कादंबरी हे ऐकायला उत्तम. वऱ्हाडी किंवा मालवणी संवाद चांगल्या वाचकाच्या तोंडून ऐकताना छापील पानापेक्षाही अधिक रंग भरतो. ज्या पुस्तकात सनावळ्या, तक्ते, तळटिपा किंवा गुंतागुंतीचा युक्तिवाद आहे, ते रस्त्यावर लक्ष ठेवून ऐकण्याचे नव्हे. कविता दोन्ही तऱ्हांनी घ्यावी.

दहा मिनिटांच्या वेळेसाठी तेवढ्याच लांबीचे साहित्य निवडावे. मराठीत ललितलेख, लघुनिबंध, पत्रसंग्रह आणि कविता यांची मोठी संपत्ती आहे आणि 600 पानांच्या कादंबऱ्यांच्या मागे लागून आपण तिच्याकडे दुर्लक्ष करतो. एक ललितलेख दहा मिनिटांत होतो आणि तो पुरा झाल्याचे समाधानही मिळते. मूल शाळेत जाऊ लागेपर्यंत यादीतील जाडजूड पुस्तके नोंदवहीत परत पाठवावीत. मुलाला झोपवताना आपण जी बालगीते आणि गोष्टी वाचता, त्यांचीही नोंद करायला हरकत नाही. काही मराठी बालकविता मोठ्यांच्या कवितांपेक्षा सरस आहेत.

पुस्तकांच्या उपलब्धतेबाबत: बऱ्याच मराठी प्रकाशकांची ई-पुस्तके आता परदेशातूनही घेता येतात. त्याखेरीज स्थानिक महाराष्ट्र मंडळात विचारणा करावी. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या उपक्रमातून पुस्तकांच्या पेट्या परदेशांतील मराठी वाचकांपर्यंतही पोहोचल्या आहेत. एका पेटीभोवती आठ-दहा कुटुंबे जमली तर आपसांत पुस्तके फिरवता येतात आणि ठरलेल्या दिवशी पुस्तक पुढे द्यायचे असल्याने वाचनही होते.

प्रश्न: माझे वय 76. निवृत्तीनंतर सवड भरपूर आहे, तरी वेळ कमी आहे, हे आपण समजून घ्याल. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर एका बैठकीत वीस मिनिटांहून अधिक वाचता येत नाही. वाचायची राहिलेली पुस्तके कपाटात आहेतच, पण तरुणपणी आवडलेली पुन्हा वाचावीत अशीही ओढ आहे. नवी आधी की जुनी आधी? (एक निवृत्त शिक्षक, फोंडा, गोवा)

उत्तर: आपल्या वयाला आणि आपल्या प्रश्नातील स्पष्टपणाला नमस्कार करून आम्ही निःसंकोचपणे लिहितो: जुनी आधी. नव्या पुस्तकांपैकी कोणते आवडेल याची खात्री नसते आणि न आवडणाऱ्या चार पुस्तकांतून एक आवडते शोधण्याची चैन आपण यापूर्वी पुष्कळ केलेली आहे. ओळखीच्या पुस्तकात डोळ्यांनाही श्रम कमी पडतात. वाक्य कोठे चालले आहे हे ठाऊक असल्याने एखादी ओळ निसटली तरी अडत नाही. शिवाय एकदा पंचविशीत वाचलेले पुस्तक पंचाहत्तरीत वाचताना त्यातील वडीलधाऱ्या पात्रांची बाजू प्रथमच नीट कळते, हा लाभ नव्या पुस्तकातून मिळत नाही.

कपाटातील न वाचलेल्या पुस्तकांतून पाच-सहा बाजूला काढावीत आणि बाकीची आत्ताच कोणाला तरी द्यावीत. ज्या माजी विद्यार्थ्यांशी संबंध आहे त्यांना बोलावून हवे ते न्यायला सांगितले तर पुस्तकांचीही सोय होईल आणि चार माणसे घरी येतील. वीस मिनिटांची मर्यादा डॉक्टरांनी घातलेली नसून थकव्यामुळे पडली असेल, तर सकाळी एक आणि दुपारच्या झोपेनंतर एक अशा दोन बैठका करून पाहाव्यात. अक्षर लहान वाटत असेल तर ई-वाचकावर, म्हणजे ई-पुस्तके वाचण्याच्या उपकरणावर, ते हवे तेवढे मोठे करता येते. जुनी आवडती पुस्तके ई-आवृत्तीत मिळतात का, हे घरातील तरुण मंडळींना शोधायला सांगावे. जी मिळणार नाहीत, ती कोणाकडून तरी वाचून घ्यावीत. त्यासाठी नातवंडांपैकी कोणी तयार असेल, तर पहिल्या प्रकरणापासून सुरुवात करण्याचा आग्रह नसावा. आपल्याला जो प्रसंग सर्वांत जास्त आठवतो, त्याचे पान काढून द्यावे. पुस्तक मुलाला आवडले तर आधीची पाने ते स्वतः शोधून वाचेल, आणि नाही आवडले तरी आपल्याला हवे ते ऐकून झालेले असेल.